"आमची टाकी बावीस वर्षांत भरलीच नाही": सेप्टिक टँक सांभाळायची कशी, सगळं सविस्तर

गावाकडे कुणालाही विचारा, संडासाची टाकी शेवटची कधी उपसली, तर छाती पुढे काढून उत्तर येतं, "छे, आमची अजून भरलीच नाही." माझे बाबासुद्धा हेच सांगायचे. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर, टाकी बांधून बावीस वर्षं झालेली, आणि एकदाही टँकर बोलवावा लागला नाही याचा त्यांना अभिमान. मग एका वर्षी गणपतीला मुंबईहून सगळे चाकरमानी आले, घरात एकोणीस माणसं, बाहेर पाऊस धो धो, आणि गौरी आल्या त्या सकाळी दोन्ही संडासांचं पाणी वर यायला लागलं. पुढचं सांगत नाही, कल्पना करा. पण त्या आठवड्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो, आणि जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. सेप्टिक टँक "भरते" म्हणजे काय? ती कायमच भरलेली असते. आज उपसली आणि वापर नेहमीचा असला की थोड्याच दिवसांत पाणी परत आउटलेटच्या पातळीला येतं आणि मग जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं, ती तशीच चालायला हवी. प्रश्न एवढाच की आत पाणी किती आणि गाळ किती. आणि जी टाकी वीस वर्षं "भरत नाही" तिचा गाळ हवेत विरत नाही हो, तो एकतर आउटलेटमधून शोषखड्ड्यात (टाकीतून बाहेर पडलेलं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) जातोय, नाहीतर टाकीला तळच नाहीये किंवा भिंत फुटलीये आणि सगळं जमिनीत मुरतंय.

आत नेमकं काय चालतं

टाकीत मैला आणि पाणी आलं की जड भाग खाली बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग वर तरंगतो आणि दुधावर यावी तशी जाड साय धरतो. मधे राहतं ते गढूळ पाणी, आणि फक्त हे मधलं पाणीच बाहेर जावं म्हणून आउटलेटला इंग्रजी टी अक्षरासारखा पाईप लावतात, त्याचं तोंड सायीच्या खाली बुडलेलं असतं. चांगल्या टाकीत मधे एक भिंत असते, पहिला कप्पा साधारण दोन तृतीयांश, दुसरा एक तृतीयांश. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू खातात आणि त्यातून वायू तयार होतो, तो जायला उभा व्हेंट पाईप. पण जिवाणू सगळंच खात नाहीत, काही ना काही उरतं आणि वर्षानुवर्षं साचत जातं.

या सगळ्याला वेळ लागतो, पाणी आत निदान एक दिवस तरी थांबायला हवं. आता आमचा हिशोब बघा. टाकी आतून सहा फूट बाय तीन फूट, पाण्याची खोली चार फूट, म्हणजे साधारण दोन हजार लिटर. पाच माणसांना भरपूर झाली, आयएस २४७० या भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली पुरते. पण आमच्या टाकीत निम्म्याहून जास्त गाळ आणि साय, पाण्याला जागा उरली नऊशे लिटरच्या आसपास, आणि एकोणीस माणसं प्रत्येकी पन्नास लिटर जरी ओतली तरी साडेनऊशे. म्हणजे एक दिवस पुरा व्हायच्या आतच टाकीतलं सगळं पाणी बदलतंय, गाळ बसायला सवडच नाही, सगळा राडा सरळ शोषखड्ड्यात.

आणि हेही लक्षात ठेवा की टाकीतून बाहेर पडणारं पाणी शुद्ध नसतं, नुसतं निवळलेलं असतं. रोगजंतू त्यात असतातच. पुढची सफाई माती करते, शोषखड्ड्याभोवतीची. बऱ्याच गावांत आणि शहरातसुद्धा हा आउटलेट सरळ उघड्या गटारात सोडलेला असतो, आणि मग वास कुठून येतो म्हणून सगळे एकमेकांकडे बघतात.

पहिलं काम: झाकण शोधा

हसू नका. निम्म्या घरांत झाकण कुठे आहे हेच माहीत नसतं. आमच्याकडे अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा झाकण खाली गाडलं गेलं होतं, आणि भर पावसात पहार घेऊन ब्लॉक उचकटायची वेळ आली. संडासाचा पाईप भिंतीबाहेर जिथे येतो तिथून सरळ बघत जा, आधी एक छोटं चेंबर लागेल, मग टाकी. व्हेंट पाईप सहसा टाकीवरच असतो, तो मोठी खूण. झाकणं दोन असायला हवीत, दोन्ही कप्प्यांवर. सापडली की घराच्या कोपऱ्यापासून टेपने अंतर मोजून कुठेतरी लिहून ठेवा, आणि वर फरशी बसवायचीच असेल तर झाकणापुरती सुटी, उचलता येणारी ठेवा.

झाकण उघडताना

हा भाग घाईत वाचू नका. आतल्या वायूत मिथेन असतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड असतो, तो विषारी, सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण जास्त झालं की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, म्हणजे "आता वास गेला, आता उतरायला हरकत नाही" असं वाटतं तेव्हाच खरा धोका. म्हणून विडी, काडी, उघडा दिवा काही जवळ नको. पोरं आणि कुत्री लांब. झाकण पहारेने सरकवा, वारा ज्या बाजूने येतोय तिकडे पाठ करून उभे राहा, उघडल्यावर अर्धा तास तसंच सोडा, आणि वाकून तोंड आत घालून बघू नका, लांबून टॉर्च मारा.

स्लॅबवर उभं राहण्याआधी कडेने नीट बघा. हायड्रोजन सल्फाइडपासून ओलाव्यात आम्ल बनतं आणि ते काँक्रीट खालून खातं, वरून स्लॅब धडधाकट दिसतो आणि खाली पापुद्रे सुटून गंजलेल्या सळ्या लोंबत असतात. आमचं झाकण उलटं केलं तर खालची बाजू ओल्या बिस्किटासारखी, बोटाने खरवडली तरी निघत होती. तसं असेल तर नवीन झाकण आधी, बाकी सगळं नंतर.

आणि आत उतरायचं नाही. कुणीच नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. दरवर्षी बातम्या येतात त्यात बहुतेक वेळा एक उतरतो, पडतो, मग त्याला काढायला दुसरा उतरतो. कुणी आत पडलाच तर वरून दोर टाका आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा, मागून उडी मारू नका.

गाळ मोजायची देशी पद्धत

टँकर कधी बोलवायचा हे अंदाजाने नको, मोजा. एक लांब बांबू घ्या, खालच्या तीन-चार फुटांवर जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळून सुतळीने बांधा. पहिल्या कप्प्यात बाहेरून हळूच सरळ तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं तसाच धरा, मग हळू वर काढा. पंचावर खालचा भाग काळाकुट्ट आणि त्याच्या वर नुसता मळकट दिसतो, काळा भाग म्हणजे गाळ. सायीसाठी दुसऱ्या काठीला टोकाला काटकोनात छोटी फळी ठोका, साय फोडून खाली घाला आणि वर ओढत आणा, फळी सायीच्या बुडाला टेकली की हाताला कळतं, तिथे खूण करा.

गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की उपसायची वेळ आली. आमच्याकडे अठ्ठेचाळीस इंचात गाळ बावीस आणि साय पाच, सत्तावीस इंच! मोजणं जमत नसेल तर सरळ दोन ते तीन वर्षांनी एकदा उपसा. साताऱ्याजवळच्या वाईत आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरमधे नगरपालिकांनी २०१८ पासून हेच सुरू केलं, टाकी तुंबायची वाट न बघता तीन वर्षांत एकदा प्रत्येक घराकडे पाळीपाळीने गाडी जाते, आणि निघालेल्या मैल्यावर प्रक्रिया करायला केंद्रं आहेत. तुमच्या गावात असं नसेल तर पाळी तुम्हीच लावायची.

तुंबलं तर आधी कुठे बघायचं

लोक इथेच पैसे घालवतात. संडास तुंबला की टँकर बोलवा, असं नाही. आधी घरापासलं चेंबर उघडा. चेंबर कोरडं असेल तर गोची भांडं आणि चेंबर यांच्या मधे आहे, प्लंबरचं काम, टाकीचा संबंध नाही. चेंबर भरलेलं असेल तर पुढे टाकी उघडा. टाकीतली पातळी नेहमीची, म्हणजे आउटलेटच्या बुडाशी असेल, तर इनलेटच्या टीमधे साय किंवा काहीतरी अडकलंय, बाहेरून बांबूने ढोसलं की बहुतेक वेळा सुटतं. पण पातळी आउटलेटच्या वर चढली असेल तर दोष पुढे, आउटलेट पाईप किंवा शोषखड्डा.

आमचं हे तिसरं होतं आणि आम्हाला कळलं नाही. गणपतीत टँकर आणला, दोन हजार लिटरच्या टाकीतून साडेतीन हजार लिटर निघालं, आणि टँकरवाल्याने आणि आम्ही दोघांनीही "केवढी भरली होती बघा" म्हणून माना डोलवल्या. अहो, जास्तीचं पाणी शोषखड्ड्यातून उलटं येत होतं! आठव्या दिवशी परत तुंबलं. बावीस वर्षांचा गाळ खड्ड्याच्या भिंतींना बसून काळा चिकट थर झाला होता, पाणी मुरायला वाटच नाही. टाकीच्या मापापेक्षा जास्त पाणी निघत असेल तर समजा की शोषखड्डा उलटतोय किंवा फुटलेल्या भिंतीतून जमिनीचं पाणी आत येतंय.

टँकर बोलावताना

शक्यतो उन्हाळ्यात, शिमगा झाल्यावर ते पावसाआधी. पावसात जमिनीत पाणी वर आलेलं असतं, गाडी चिखलात रुतते, आणि फायबर किंवा प्लास्टिकची टाकी रिकामी केली तर खालच्या पाण्याच्या दाबाने चक्क वर उचलली जाते.

फोनवर विचारायच्या गोष्टी: गाडी किती लिटरची, पाईप किती लांब (तुमचं अंतर आधी पावलांनी मोजून ठेवा), आणि मैला कुठे नेऊन ओतणार. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. मी विचारला तर ड्रायव्हर हसला आणि म्हणाला, "दादा, तुमची टाकी रिकामी झाल्याशी मतलब." पुढच्या वेळी दुसरा शोधला. नगरपालिकेची सक्शन गाडी असेल तर आधी तिथे नंबर लावा, नाहीतर १४४२० ही गटार आणि सेप्टिक टँक सफाईसाठीची हेल्पलाईन आहे.

काम चालू असताना तिथेच उभे राहा. दोन्ही कप्पे उपसायला सांगा, बरेचजण पहिला उपसून निघतात. तळाचा गाळ घट्ट बसलेला असतो, वरचं पाणी ओढून गाडी भरली की पाईप गुंडाळतात आणि गाळ तिथल्या तिथे, म्हणून थोडं पाणी मारून गाळ ढवळून मग ओढायला लावा. अगदी स्वच्छ धुवायला मात्र सांगू नका, तळाला बोटभर गाळ राहू द्या, ते विरजण आहे. रिकामी झाली की बाहेरून टॉर्च मारून मधली भिंत, दोन्ही टी आणि तडे बघा, मोबाईलने फोटो काढा. मग टाकी साध्या पाण्याने आउटलेटपर्यंत भरून घ्या.

कुणी म्हणालं "पाचशे जास्त द्या, पोरगा उतरून साफ करेल" तर सरळ नाही म्हणा. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँक किंवा गटारात उतरवायला बंदी आहे, आणि ती फक्त ठेकेदाराला नाही, तुम्हा-आम्हालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने गटारात मृत्यू झाला तर भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली.

आत काय जाऊ द्यायचं

मैला, पाणी, बस. सॅनिटरी पॅड, डायपर, वेट वाइप्स (पाकिटावर काहीही लिहिलेलं असो), केसांचे गुंतवळ, खरकटं तेल, सिगारेटची थोटकं यातलं काहीच नाही. कमोड घासायला आठवड्याला थोडा क्लीनर चालतो, पण बाटलीभर अॅसिड आणि रोज फिनाईल ओतलं तर आतले जिवाणू मरतात आणि मग गाळ पचत नाही.

बाजारात टाकीत टाकायच्या पावडरी मिळतात, "कधीच उपसावी लागणार नाही" असं सांगतात. जिवाणू माणसाच्या पोटातून रोज फुकट येतात, विकत घ्यायची गरज नाही, आणि न पचणारा गाळ कुठल्याच पावडरीने नाहीसा होत नाही. गूळ, यीस्ट, ताक हेही तसंच. शेणाची मात्र गंमत आहे, नवीन टाकी सुरू करताना आधी पाण्याने भरून त्यात थोडं कुजलेलं शेण टाकायला मानकातही सांगितलंय, पण चालू टाकीत दर महिन्याला पाटीभर शेण म्हणजे स्वतःच्या हाताने गाळ वाढवणं.

वॉशिंग मशीन आणि पागोळीचं पाणी टाकीत जोडू नका. छोट्या टाकीत एकदम शे-दीडशे लिटर पाणी आलं की बसलेला गाळ ढवळून निघतो. व्हेंट पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर डासांना टाकीसारखी जागा नाही, आणि जाळी वर्षातून एकदा बघा, उन्हाने तुटते.

शोषखड्डा आणि विहीर

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते या भागाने. मानकाप्रमाणे शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब हवा. आमचा विहिरीपासून पस्तीस फूट, म्हणजे साडेदहा मीटर. त्यात आमची जमीन जांभ्याची, जांभ्याला भोकं आणि भेगा, पाणी मुरत नाही, सुसाट पळतं, मातीला गाळायला वेळच मिळत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत उलटं, पावसात माती फुगते आणि खड्डा पाणी घेतच नाही. म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याचा सल्ला तुमच्या जमिनीला लागू पडेलच असं नाही.

विहिरीचं पाणी तपासायला ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य उपकेंद्रात एचटूएस चाचणीची छोटी बाटली मिळते का विचारा. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर मैल्याचा अंश असण्याची दाट शक्यता. आमची दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी. बाबा बराच वेळ ती बाटली उजेडात धरून बघत होते, काही बोलले नाहीत, आणि संध्याकाळपासून पाणी उकळायला लागलो.

दिवाळीनंतर जुना खड्डा बंद करून विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला, वीस मीटरच्या पुढे नवीन खणला. जांभ्यात नुसता खड्डा नको म्हणून तळाला आणि कडेने वाळूचा जाड थर दिला. भिंतीला जाळीदार बांधकाम, तळाला सिमेंट नाही. जुना खड्डा दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, भिंती एकदा काळ्या चिकट झाल्या की खर्च तेवढाच येतो.

नवीन बांधणाऱ्यांना माझा सल्ला, छोटं घर असेल आणि जागा असेल तर सेप्टिक टँकऐवजी दोन खड्ड्यांचा संडास बघा. एक खड्डा भरला की चेंबरमधून वाट दुसऱ्याकडे वळवायची, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत कोरडं खत होतं, टँकर लागत नाही. फक्त दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरू नका, आणि "मोठा खणला म्हणजे जन्मभर बघायला नको" या हिशोबाने तर मुळीच खणू नका. विहिरीचं अंतर इथेही पाळायचंच.

मोरीचं पाणी

वॉशिंग मशीनचं पाणी टाकीत नको म्हटलं, तसंच न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचंही नको, मग ते जाणार कुठे? नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने दारोदारी मोरीच्या पाण्याचे शोषखड्डे केले आणि उघडी गटारं गेली, ती पद्धत सोपी आहे. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे, आणि आत पाणी येण्याआधी खरकटं-तेल-केस अडवायला एक छोटं चेंबर. हे छोटं चेंबर दर आठवड्याला काढून धुवा, सगळा खड्डा त्याच्यावर टिकून आहे. कोकणात आमच्याकडे तर आधीपासून मोरीचं पाणी केळी-अळूला जायचंच, पाटाला थोडा उतार द्या आणि जागा अधूनमधून बदला म्हणजे डबकं साचत नाही. कपड्यांच्या साबणाचं पाणी रोज एकाच झाडाला नको.

आमच्या मीटरच्या पेटीच्या दारावर आतून आता ऑइल पेंटने टाकी उपसल्याची तारीख लिहिलेली आहे, खाली दर मे महिन्यात बांबूने मोजलेले इंच. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सात. विहिरीची बाटली पहिल्या पावसाळ्यानंतर परत काळीच आली, दुसऱ्यानंतर नाही. तरी पाणी अजून उकळूनच पितो.